बिनपगारी कलेक्टर

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात घासाघीस करायची, तर चेहऱ्यावर गरज दिसता कामा नये. नाणेवाल्या काकांना हे माहीत आहे. त्यांच्या चेहऱ्याला माहीत नाही. पाडव्यानंतरच्या पहिल्याच रविवारी पाने, बंद घड्याळं आणि एकुलता एक बूट यांच्या मधोमध त्यांना काळपट चकत्यांचा ढीग दिसला. आपण बूटच बघायला आलोय अशा थाटात ते उकिडवे बसले. विक्रेता वरसुद्धा न बघता म्हणाला, "शिवराई शंभराला एक. आणि बूट डाव्या पायाचा आहे."

काकांनी निवृत्तीनंतर व्रत घेतलं होतं : वर्षभर फक्त तांबं. होन त्यांच्या पेन्शनीत बसत नाही आणि चांदीचा रुपया ज्याला मिळाला त्यानं जपूनच ठेवला. फिरला तो तांब्याचा पैसा. ६४ पैशांचा रुपया आणि ३ पैंचा पैसा या हिशेबात तो भाजीवालीच्या कनवटीपासून कीर्तनकाराच्या आरतीच्या ताटापर्यंत सगळीकडे जाऊन आला आणि जाता-येता झिजला. काकांना नेमका तो झिजलेला हवा असतो. काकूंच्या मते हा स्वजातीयांचा ओढा आहे.

त्या दिवशी सहा शिवराया घरी आल्या. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या वेळी सोन्याच्या होनाबरोबर हे तांब्याचं नाणं निघालं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. ठसा मोठा, चकती लहान आणि हातोड्याचा घाव बसेल तिथे. त्यामुळे सगळी अक्षरं एकाच नाण्यावर सापडणं हे भाग्याचं काम. पुढे पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या, आडव्या दोन रेघांची 'दुदांडी' आली. एका नाण्यावर 'शिव', तर दुसऱ्यावर चक्क 'सिव' असतं. शुद्धलेखनावरून भांडणाऱ्या पुण्यात ही नाणी चालली कशी, हे काकांना पडलेलं कोडं आहे. त्यांच्या सहाव्या नाण्यावर तर फक्त 'पति' उरलं होतं. काकूंनी भिंगातून बघितलं आणि भिंग परत दिलं. "असा एक घरात आहेच," त्या म्हणाल्या, "झिजलेला."

वैशाखात काका पैठणला गेले. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. पावसात माती धुपली की तिथे शिशाची, पोटीनची, तांब्याची नाणी वर येतात, हे त्यांनी वाचलं होतं. जवळच्या एका गावात स्नेह्यांच्या भाच्यानं फोन करून ठेवला होता की पुण्याहून कॉइन कलेक्टर येताहेत. रेंज कमी होती. 'कॉइन' वाटेतच गळालं.

एसटीतून उतरल्या उतरल्या काकांच्या गळ्यात हार पडला. चहा झाला. मग एकानं पाणंद रस्त्याचा अर्ज पुढे केला, दुसऱ्यानं सातबाऱ्यावरचं चुकलेलं नाव दाखवलं. "मी तो कलेक्टर नाही हो," काकांनी तीनदा सांगितलं. "साहेब साधे आहेत," लोक एकमेकांना म्हणाले.

एका आजीनं मात्र खरोखरच डबी आणली. झाकण उघडलं तसा काकांना सोंड उंचावलेला हत्ती दिसला आणि पलीकडच्या नाण्यावर चार टोकांना चार वर्तुळं असलेली फुली. ते उज्जैन चिन्ह. सातवाहन! काकांचा श्वास अडकला.

"तू कलेक्टर हाईस का रे बाबा?"

"हो, म्हणजे नाण्यांचा..."

झाकण बंद. जमिनीत दहा रुपयांच्या वरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असं १८७८ चा कायदा सांगतो. आजीला त्याचं कलम नसलं तरी तात्पर्य पाठ होतं. शिवाय १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं हे पुरावशेष, आणि त्याच्या व्यापाराला परवाना लागतो. त्यामुळे काकांनाही ती डबी तशी घेता आली नसतीच. ते परतले ते दोन अर्ज घेऊन. सज्जन माणूस, वाट वाकडी करून त्यांनी ते छत्रपती संभाजीनगरला खऱ्या कलेक्टरांच्या कचेरीत दिले. आवक शिक्क्याची पोच त्यांच्या अल्बममध्ये आजही आहे. पैठणच्या पानावर तेवढीच.

श्रावणात नाशिक. रामकुंडावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून गोदावरीत सोडतात आणि भाविकांनी टाकलेले रुपये वर काढतात. काका तासभर पाहत राहिले. हल्लीचे रुपये पोलादाचे, ते पटापट चिकटून येत होते. "जुना पैसा येतो का रे?" असं विचारल्यावर पोरगं हसलं. "आजोबा, तांब्याला चुंबक लागतंय व्हय?" हे शाळेत शिकलेलं काका विसरले होते. त्यांनी फी म्हणून ते चुंबकच वीस रुपयांना विकत घेतलं आणि त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय बघायला गेले. तिथे नाणी काचेमागे असल्यामुळे वीस रुपयांवर खर्च वाढला नाही.

चुंबकाचे पैसे वसूल झाले मुंबईत, चोरबाजारात. एका माणसानं काकांना बाजूला घेऊन रुमालातून नाणं काढलं : मारुतीचं चित्र, 'ईस्ट इंडिया कंपनी', 'एक आणा', साल १८१८. "तांदूळ खेचतं," तो कुजबुजला. त्यानं तळहातावर दाणे ठेवले, नाणं जवळ नेलं आणि दाणे टुणकन उडून चिकटले. असल्या 'राइस पुलर'च्या नादी लागून लोकांनी लाखो रुपये घालवले आहेत. काकांनी खिशातलं चुंबक नुसतं पुढे केलं. नाणंही चिकटलं, तांदूळही चिकटले. नाण्यात चुंबक, दाण्यांत लोखंडाचा कीस.

"आणि एक आण्याचं सरकारी नाणं १९०७ साली आलं, तेही निकेलमिश्रित," काका उत्साहानं सांगू लागले. "१८३५ चा कंपनीचा पाव आणा बघा, त्यावर दोन सिंह..." समोर कोणीच नव्हतं. चुंबकाला चिकटलेलं नाणं मात्र राहून गेलं होतं. वर्षातली ती एकमेव फुकटची प्राप्ती.

कार्तिकात मुंबईच्याच एका प्रदर्शनात त्यांनी परवानाधारकाकडून १८०८ चं दहा कॅशचं नाणं घेतलं. मद्रासेसाठी बर्मिंगहॅममध्ये पाडलेली अशी लाखो नाणी घेऊन 'ॲडमिरल गार्डनर' जहाज निघालं, ते १८०९ च्या जानेवारीत इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ, गुडविनच्या वाळूत बुडालं. पावणेदोनशे वर्षांनी पाणबुड्यांनी नाणी वर काढली. मद्रासेत त्यातलं एकही चाललं नाही, म्हणून अक्षरं कोरी करकरीत. झिजलेल्यांच्या अल्बममध्ये ते नव्या जावयासारखं अवघडून बसलं आहे.

घरी आले तेव्हा दारातच चिंचेचा वास आला. देवघरातली तांब्याची भांडी घासता घासता काकूंनी सहाही शिवराया चिंच-मिठानं लखलखीत केल्या होत्या. साडेतीनशे वर्षांची काळी-तपकिरी साय मोरीतून गेली होती. काका पाटावर मटकन बसले.

"किती मळली होती!" काकू म्हणाल्या.

फाल्गुनात हिशेबाची वही निघाली. एसटी, रेल्वे, हार घालणाऱ्यांना पाजलेला परतफेडीचा चहा, भिंग, चुंबक : चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. झोपाळ्यावर बसून बेरीज करता करता काकांची नजर वर कडीपाटाकडे गेली. झोपाळ्याच्या कडीच्या नटाखाली, वायसर म्हणून, एक गोल चकती होती. कडेला मुकुट. मधोमध भोक.

भोकाचा पैसा! १९४३ ते ४७ मधला. महायुद्धात धातू वाचवायला सरकारनं पाच ग्रॅमच्या आसपासचा पैसा दोन ग्रॅमवर आणून मध्ये भोक पाडलं, आणि लोकांनी त्याचे वायसर केले. ब्राँझचा, म्हणजे जवळजवळ तांबंच. ऐंशी वर्षं डोक्यावर होता आणि काका गावोगाव हिंडत होते. त्यांनी शिडी आणली, नट सोडवला, पैसा काढला, नट तसाच परत बसवला.

संध्याकाळी काकू झोपाळ्यावर टेकल्या. कडी कुईं करून ओरडली, पुन्हा ओरडली. काका अल्बममध्ये डोकं घालून होते.

"कलेक्टरसाहेब," काकू म्हणाल्या, "एक अर्ज होता."