निवेदकाला सुट्टी द्या

हेवी मेटलवाल्यांना अल्बमभर गोष्ट सांगायची हुक्की आली की आधी सूत्रधार येतो. घोगऱ्या आवाजात शाप, राजपुत्र, भविष्यवाणी समजावून सांगतो. मागे वीज कडाडते. गिटार बिचारी ताटकळत उभी.

गायक किंग डायमंडने १९८८च्या 'देम' अल्बममध्ये वेड्यांच्या इस्पितळातून परतलेल्या आजीला चहाला बसवलं, तेही किंचाळत्या वरच्या पट्टीत. हसू येतं, पण गडी एकदाही डोळा मारत नाही, म्हणून काटाही येतो.

मॅस्टोडॉन या बँडने २००४च्या 'लेव्हायथन' अल्बमसाठी 'मोबी डिक' ही देवमाशामागे लागलेल्या कप्तानाची कादंबरी उचलली आणि निवेदकाला घरीच ठेवलं. देवमासा मुखपृष्ठावर, कप्तानाचा पिसाटपणा ड्रमवर. निम्मे शब्द कळत नाहीत (हा फायदाच). 'हार्ट्स अलाइव्ह' हे गाणं मात्र तेरा मिनिटांच्याही पुढे जातं. असू दे, समुद्रावर घाई कोणाला असते!