मिशीचा चौकोन

सोलापुरात एप्रिलच्या दुपारी गच्चीवर मोबाईल उघडला, तर पडद्यावर स्वतःचा घामेजलेला चेहरा तेवढा दिसतो. वाळवणाची राखण करायला बसवलेल्या माणसाने वेळ घालवायचा कसा? आमच्या जुळे सोलापुरात त्या वेळी बोलायला कावळासुद्धा मिळत नाही. अशा उन्हात ज्याचा पडदा उलट जास्तच झकास दिसतो, असं एकच यंत्र माझ्या माहितीचं आहे: गेम बॉय. त्याच्या पडद्यामागे दिवाच नाही. बाहेरून उजेड पडेल तेवढं दिसणार. क्योतोच्या निन्टेंडो कंपनीने ते एप्रिल १९८९मध्ये बाजारात आणलं, तेव्हा त्या मंद पडद्याला पुष्कळांनी नावं ठेवली. त्यांच्यापैकी कुणी कुरडयांशेजारी टोपी घालून बसलं असतं, तर तक्रार मागे घेऊन, वर शेंगाचटणी बांधून घेऊन गेलं असतं.

हे यंत्र माझ्याकडे आलं ते भाच्यामुळे. अमेरिकेतून तो यंदा गड्ड्याच्या यात्रेसाठी आला होता. जाताना लहानपणीचा गेम बॉय माझ्या हातात ठेवून म्हणाला, “मामा, तुम्हाला जुन्या वस्तूंची आवड आहे, असू द्या.” मला जुन्या वस्तूंची आवड नाही. मी वस्तू टाकत नाही, एवढंच. पण नातेवाइकांत एकदा ख्याती झाली की ती पुसता येत नाही. याच ख्यातीपायी आमच्या माळ्यावर बंद ट्रान्झिस्टर आणि दुसऱ्यांच्या लग्नातल्या इस्त्र्या आहेत. यंत्रातले सेल फुटून पट्ट्यांवर हिरवट बुरा चढला होता. लिंबाची फोड घासली, कापसाने पुसलं, नवे सेल घातले. वरून कंपनीचं नाव सावकाश खाली सरकत आलं, टिंग् झालं, आणि इतक्या वर्षांपूर्वीचा खेळ काही घडलंच नाही अशा थाटात सुरू झाला.

आत कॅसेट होती ‘सुपर मारिओ लँड’ची. मारिओ हे नाव मला ऐकून माहीत होतं. आमच्या चिरंजीवांनी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता, त्यात तो उड्या मारायचा. माझा त्याच्याशी संबंध ‘बातम्या लागल्यात, बंद कर ते’ एवढाच. आणि १९८९मध्ये तर आम्ही रविवारी सकाळी महाभारत बघत होतो. जपानात काय चाललंय याची चौकशी करण्याच्या मनःस्थितीत आख्खा सोलापूर जिल्हाच नव्हता.

खेळ साधा आहे. टोपीवाला, मिशाळ, बुटका मारिओ डावीकडून उजवीकडे पळतो. अधे-मधे खड्डे, ठोकळे, चालणारे-उडणारे शत्रू. एक बटण उडीचं, एक पळण्याचं. सारासालँड नावाच्या देशातली राजकन्या डेझी हिला टाटांगा नावाच्या परग्रहवासीयाने पळवलेलं असतं, तिला सोडवायचं. देशात चार राज्यं आणि प्रत्येकात तीन टप्पे. पहिल्या राज्यात मागे पिरॅमिड, दुसऱ्यात समुद्र, तिसऱ्यात ईस्टर बेटावरच्यासारखी दगडी मुंडकी, चौथ्यात चीनसारखं काहीतरी, जिथे मेलेली माणसं दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारत येतात. भूगोल असा सुटसुटीत असावा. कासवाच्या पाठीवर उडी मारली तर त्याचं कवच थोड्या वेळाने बॉम्बसारखं फुटतं, हे कुणी आधी सांगत नाही. आणि पहिल्या तीन राज्यांच्या शेवटी राजकन्या भेटते ती खोटी! जवळ गेलं की तिचं सोंग गळतं आणि आतला शत्रू निघून जातो. ज्याने मारीच ऐकलेला आहे त्याने पहिल्याच वेळी ओळखायला हवं. पण रामालाही ते जमलं नव्हतं, तर पेन्शनरचं काय घेऊन बसलात.

मध्येच एखाद्या टप्प्यात मारिओ पाणबुडीत बसतो, एखाद्यात विमानात. संगीत हिरोकाझू तानाका यांचं, आणि ते असं चिकटतं की दुधाच्या पिशव्या आणायला जातानाही पावलं त्या तालावर पडतात. तारा गिळल्यावर मारिओला काही क्षण कुणीच इजा करू शकत नाही, तेव्हा वाजते ती ओफेनबाखच्या ऑपेरातली नाचाची धून. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची धमाल विसाव्या शतकातल्या जपानी यंत्रातून एकविसाव्या शतकातल्या आसरा चौकापर्यंत आली आणि कुणीही मान वर करून पाहिलं नाही.

मला गुडघ्यांमुळे जिने चढायला मनाई आहे. गच्चीची गोष्ट डॉक्टरांना सांगितलेली नाही. त्यामुळे उड्या मारण्याचा जो काही व्यवहार आता या जन्मात व्हायचा तो अंगठ्यानेच. पण अंगठ्याच्या जोडीला आमचं सगळं अंग खेळतं. मारिओ उडाला की खांदे वर जातात, खड्डा आला की पाय आपोआप आखडतात, आणि तो पडला की तोंडातून निघतो तो शब्द हिला खालच्या मजल्यावर ऐकू जातो. तान्ह्या मुलाला भरवताना आपण ‘आ’ करतो त्यातलाच हा प्रकार. पुण्याहून नातू आला तेव्हा त्याने यंत्र हातात घेऊन आधी पडद्यावर बोट घासलं. काही होईना. “आजोबा, हे हँग झालंय.” मग बटणं दाखवली. थोडा वेळ खेळून त्याने परत दिलं आणि विचारलं, “सेव्ह कुठे करायचं?” सेव्ह करायची सोयच नाही, बंद केलं की पुन्हा पहिल्या पिरॅमिडपासून, असं म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, तशी करुणा मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा मिळाली नव्हती.

याला चार पेन्सिल सेल लागतात. आमच्या घरात पेन्सिल सेल ही स्थावर मालमत्ता आहे: एक भिंतीवरच्या घड्याळात, दोन टीव्हीच्या रिमोटमध्ये, एक स्वयंपाकघरातल्या घड्याळात. बेरीज बरोबर चार येते, हा काही माझा दोष नाही. “अहो, सव्वाअकरा कधीपासून वाजतायत?” असा प्रश्न आला, की मी गच्चीवर कुरडया उलटायला जातो.

खरी अडचण रात्रीची. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि कधी-कधी ते अशा वेळी येतं की माणसाने जागं राहूनच त्याचं स्वागत करावं लागतं. मोटर लावायची, टाकी भरेपर्यंत थांबायचं. खेळायला याहून चांगला मुहूर्त नाही. पण दिवे गेले की यंत्र सेलवर चालू आणि पडद्यावर मिट्ट काळोख. नुसतं संगीत ऐकत, मारिओ कुठल्या खड्ड्यात पडला असेल याचा अंदाज करत बसायचं. एकदा खालून हाक आली, “त्या मिशाळ माणसाला म्हणावं, टाकी वाहून चाललीय!”

खेळाच्या नादाला लागल्यावर मी बनवणाऱ्यांची माहिती वाचायला घेतली आणि तिथे मला गुन्पेई योकोई भेटले. तेव्हापासून खेळापेक्षा या माणसाचाच विचार जास्त करतो. १९६५ साली ते निन्टेंडोत लागले तेव्हा ती पत्ते छापणारी कंपनी होती. यांचं काम यंत्रांची देखभाल. फावल्या वेळात त्यांनी लांब होऊन वस्तू पकडणारा, कात्रीसारखा उघडमीट होणारा हात करमणुकीसाठी बनवला. मालक यामाउची यांनी तो पाहिला. आमच्याकडे मालकाने पाहिलं असतं तर पगार कापला असता. यामाउचींनी त्याचं खेळणं करून विकायला सांगितलं आणि दहा लाखांहून अधिक खपलं. पुढे बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला योकोईंनी पाहिला, आणि त्यावरून १९८०मध्ये खिशातल्या खेळांची मालिका निघाली. बोटाने चार दिशा दाबायचं ते अधिक चिन्हासारखं बटण, जे आज जगभरच्या खेळयंत्रांवर आहे, तेही योकोईंचंच.

त्यांचा धंद्याचा मंत्र असा, की अगदी नव्या, महागड्या तंत्रज्ञानामागे धावू नका. जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं, ज्याच्या सगळ्या खोड्या कळून चुकल्यात असं तंत्र घ्या आणि ते कुणी लावलं नसेल अशा ठिकाणी लावा. गेम बॉय बाजारात आल्यानंतर रंगीत, उजळ पडद्याची यंत्रंही निघाली. ती सहा-सहा सेल काही तासांत फस्त करायची. योकोईंनी चार छटांचा, शेवाळी रंगाचा, दिवा नसलेला पडदा ठेवला; सेल भरपूर टिकले, किंमत आटोक्यात राहिली. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून जगात ११ कोटींवर खपले, माझ्या हातातली ही कॅसेट १ कोटी ८० लाखांहून अधिक. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांचा या खेळात हात नव्हता. तो योकोईंच्या विभागात सातोरू ओकादा यांच्या दिग्दर्शनाखाली झाला. जाणकार त्याला जरा विचित्र मारिओ मानतात. मला तुलना करायला दुसरा मारिओच माहीत नाही, हा उशिरा येण्याचा फायदा.

जुनं, मुरलेलं, स्वस्त, खोड्या कळून चुकलेलं. हे वर्णन वाचून मी चष्मा काढून पुसला. हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “स्वस्त कुठे?”

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर हा सगळा प्रकार मला इतका का झोंबला ते कळणार नाही. मी चादरीच्या कारखान्यात डिझाइन विभागात होतो. सोलापुरी चादरीवरचा मोर, हत्ती, वेलबुट्टी आधी ग्राफ पेपरवर उतरते. कागदावरची उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी. चौकोन भरला तर धागा उचलायचा, रिकामा तर खाली राहू द्यायचा. प्रत्येक आडव्या ओळीचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्याला भोकं पाडायची, कार्डं दोऱ्यात ओवून माळ करायची आणि ती जकार्डवर चढवायची. भोक असेल तिथला धागा वर, नसेल तिथला खाली. फ्रान्सच्या लियों शहरात जकार्ड नावाच्या गृहस्थांनी हे १८०४च्या सुमारास बसवलं आणि पूर्व भागातल्या आमच्या तेलुगू विणकरांच्या घरात ते असं रुळलं, की जकार्ड हा कन्ना चौकातला कुणी मास्तर असावा असं मला नोकरीच्या सुरुवातीला खरंच वाटायचं.

या कामातली मेख गोलाईत असते. चौकोनांनी गोल काढता येत नाही, पायऱ्या पडतात. मोराची मान वळवायची म्हणजे त्या पायऱ्या डोळ्यांना जाणवणार नाहीत अशा लपवायच्या. एक चौकोन इकडचा तिकडे झाला की मोराची कोंबडी होते, आणि ती कोंबडी शेकडो चादरींवर छापल्यासारखी उतरते.

गेम बॉयचा पडदा १६० आडव्या आणि १४४ उभ्या ठिपक्यांचा आहे. म्हणजे एक ग्राफ पेपर. त्यावरचं चित्र आठ बाय आठ चौकोनांच्या फरश्यांनी भरतात, आणि छोटा मारिओ अशा चार फरश्यांत मावतो. सोळा बाय सोळात टोपी, नाक, मिशी, बूट आणि शिवाय पळतोय हे कळायला हवं! मारिओला मिशी का, याचं कारण मियामोतोंनीच सांगून ठेवलंय: इतक्या कमी ठिपक्यांत नाक आणि तोंड वेगळं दिसेना, म्हणून मधे मिशी. केस काढणं जमेना, म्हणून टोपी. हे वाचून मी मोठ्याने हसलो. आमच्या हत्तीला झूल का असायची? त्याचं पोट नीट गोल येत नसे.

ज्या वर्षी क्योतोत कुणीतरी मान मोडून या बुटक्याचे चौकोन भरत होतं, त्या वर्षी मी सोलापुरात मान मोडून मोराचे भरत होतो. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात काय बोलणं होत असेल ते मी सांगू शकतो. चौकोन कमी पडतात, वरचे लोक घाई करतात, आणि जो चौकोन बसवायला दिवस गेला तो कुणाच्याही लक्षात येणार नाही. योकोई १९९७ साली रस्ता अपघातात गेले, ५६व्या वर्षी. त्यांना चादर दाखवायला मला फार आवडलं असतं.

डेझी सुटली एकदाची. मारिओ तिला घेऊन अवकाशयानातून निघून जातो, आणि मग खेळ तुम्हाला परत पहिल्या पिरॅमिडशी उभं करतो. आता शत्रू जास्त. बक्षीस म्हणून जास्त काम देण्याची ही पद्धत मला ओळखीची वाटली. मी वहीचा ग्राफ काढला, पडदा उन्हात धरून, भिंगाने मोजत मारिओ उतरवला, आणि वही घेऊन सिटी बसने मास्तरांकडे गेलो.

मास्तर म्हणजे आमचे डिझाइन विभागाचे थोरले. वय ऐंशीच्या पुढे, राहणं पूर्व भागात, ऐकू कमी, नजर शाबूत. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली.

“कोण बे हा?”

“जपानचा आहे मास्तर. नळ दुरुस्त करतो.”

“मग आमच्याकडे पाठव की. कार्डं किती?”

“सोळा.”

“सोळा कार्डांत माणूस?” त्यांनी वही लांब धरली, परत जवळ घेतली. “मिशीसकट?”

“मिशीसकट.”

“रंग?”

“चार. तेही एकाच हिरव्याचे.”

“गरीब आहे बिचारा,” मास्तर म्हणाले आणि आत बघून तेलुगूत चहाची ऑर्डर दिली. मग खिशातली पेन्सिल काढून बराच वेळ काही न बोलता बसले. मी यंत्र चालू करून दाखवलं, मारिओला पळवलं, पाडलं. त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वहीकडे वळले. शेवटी खोडरबर मागितला, मिशीचा उजवीकडचा शेवटचा चौकोन खोडला आणि एक ओळ खाली भरला.

“आता बघ,” म्हणाले. “आता हसतोय.”

खरंच हसत होता. मी त्यांना म्हटलं, मास्तर, एक कोटी ऐंशी लाख लोकांच्या हातात तो आधीचा गेलाय. मास्तरांनी पेन्सिल परत खिशात ठेवली. “आपल्याकडून तपासून न्यायचा होता,” म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.