दोन गाण्यांच्या मधलं गाव

उर्से हे मावळातलं गाव लोकांना टोलनाक्यामुळे माहीत आहे. मुंबईहून पुण्याला येणारा माणूस बोरघाटाचं कौतुक करतो, लोणावळ्याच्या चिक्कीची आठवण काढतो, उर्से नाक्यावर वेग कमी करतो आणि नाका सुटला की पुन्हा वाढवतो. नाक्याच्या पलीकडे भाताची खाचरं आहेत, पवनेचं पाणी आहे, पाळीवर निघालेले कामगार आहेत. त्याच्या प्रवासात ते कुठेच येत नाहीत.

२०१० मध्ये सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आला. मुंबईची मुलगी, पुण्याचा मुलगा, एक दिवस, भरपूर वादावादी आणि तिच्यातून उगवलेलं प्रेम. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी या दोघांनी सिनेमा जवळजवळ स्वतःच्याच बळावर ओढला. संगीत अविनाश-विश्वजीत यांचं. गाणी लोकांच्या तोंडी बसली. मला त्या सिनेमाच्या नावानेही पकडून ठेवलं. त्यात शहरांची नावं तीनदा येतात आणि मधे दोन आडव्या रेघा. आम्ही मावळातली माणसं त्या रेघांवर राहतो.

सिनेमातलं पार्श्वसंगीतही त्याच रेघांवर राहतं. गाणी म्हणजे शहरं. त्यांना नाव असतं, गायक असतो, प्रकाशनाचा सोहळा असतो. एका गाण्यापासून दुसऱ्या गाण्यापर्यंत प्रेक्षकाला जे हात धरून नेतं, त्याची चौकशी कुणी करत नाही. आज त्याची बाजू मांडतो.

प्रेमाच्या विनोदी सिनेमाला वाद्यवृंदाचं संगीत देणं हे फार अवघड काम आहे. रडवायला लांबवलेला एक सूरही पुरतो. हसवायला नेमका क्षण साधावा लागतो. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली, तर एक ठोका १२ चित्रांचा झाला. नायिकेची भुवई सातव्या चित्रावर उडाली आणि क्लॅरोनेटचा सूर बाराव्यावर आला, तर विनोद मेला. म्हणून संगीतकार लय किंचित ओढतो, कुठे अर्धी मात्रा कापतो आणि सम त्या भुवईवर आणून ठेवतो. समेवर येण्याचं सुख आपल्या कानांना तबल्याने लहानपणापासून शिकवलंय. तेच इथे व्हायोलिनवाल्यांकडून करून घ्यायचं असतं.

दुसरी अडचण बोलण्याची. अशा सिनेमातली माणसं अखंड बोलतात. पुरुषाचा आवाज आणि चेलोचा आवाज साधारण एकाच पट्टीत नांदतात. दोघं एकदम बोलले की प्रेक्षकाला एकही ऐकू येत नाही. जाणता संगीतकार मग मधली जागा रिकामी सोडतो. व्हायोलिन वर नेतो, डबल बास खाली ठेवतो, आणि दोन वाक्यांच्या फटीत बोटाने छेडलेला एकच सूर टाकतो. स्वतःची चांगली चाल दुसऱ्याच्या वाक्यासाठी मागे घ्यायला मोठं मन लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात सुंदर आहे. पहिल्या भेटीत तारा छेडून एक लहानशी चाल वाजते. भांडणात तीच चाल तुटते, अर्धी बासरीकडे जाते, अर्धी बसून या वाद्याकडे. शेवटी सगळ्या व्हायोलिनवर ती संथपणे सलग येते. प्रेक्षकाने ती मोजलेली नसते. तरी हे दोघं एकमेकांचे आहेत हे त्याला नायकाच्या आधी कळलेलं असतं.

आता आपल्याकडे काय चालतं ते बोलू.

निर्मात्यांनो, गाणी वर्षभर आधी होतात, द्रुतगती मार्गावर ड्रोन उडतो, त्याला पैसे असतात. पार्श्वसंगीताची आठवण प्रदर्शनाची तारीख जाहीर झाल्यावर येते. दोन तासांच्या सिनेमाचं संगीत मग आठवड्याभरात मागितलं जातं. लग्नाची पत्रिका वाटून झाल्यावर मुलगी शोधायला निघण्यातला हा प्रकार आहे.

दिग्दर्शकांनो, संकलन करताना तुम्ही तात्पुरतं म्हणून कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं संगीत दृश्याखाली लावता. शंभर वेळा ऐकून ते तुमच्या अंगवळणी पडतं. नंतर संगीतकाराला सांगता, ‘अगदी असंच दे.’ त्याने तुमचा सिनेमा पाहून काहीतरी सुचवावं, एवढी संधी तरी त्याला द्या.

संगीतकारांनो, तुमचीही सुटका नाही. विनोद आला की छेडलेल्या तारा, झायलोफोन आणि घसरगुंडीचा आवाज. पात्र पडलं की ‘धप्प’, नायिका लाजली की घंट्या. ‘हसा आता’ असं सांगणारं संगीत लेखकाच्या ओळीवर अविश्वास दाखवतं आणि प्रेक्षकाच्या बुद्धीवरही. ओळ चांगली असेल तर वाद्यं खाली ठेवा. लोकांना हसू द्या. त्यांचं हसू ओसरलं की मग हळूच आत या.

आणि आपण प्रेक्षक? शेवटची नामावली सुरू होताच आपण गाडीची किल्ली चाचपत उठतो. वादकांची नावं लिहिलीच असतील, तर तिथे असतात.

हे सगळं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, असं कुणी म्हणू नये. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ला दादा चांदेकरांनी संगीत दिलं, १९५२ च्या ‘लाखाची गोष्ट’ला सुधीर फडक्यांनी, १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’ला अरुण पौडवालांनी. हसवणाऱ्या सिनेमालाही सुरेल असायचा हक्क आहे, हे या माणसांनी मानलं. आणि वादक? गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईत व्हायोलिन वाजवायला आले, वाद्यमेळाची आखणी करू लागले आणि १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत यांच्यासोबत १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ला संगीत दिलं आणि त्यातल्या एका गाण्यातून गुरूचं नाव देशाच्या तोंडी बसवलं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचा वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसूझाही गोव्याचेच. परळच्या राजकमल स्टुडिओत मंगेश देसाई ध्वनिमुद्रणाच्या टेबलापाशी बसत. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनला तर महाराष्ट्राने ‘गाणारं व्हायोलिन’ म्हटलं. त्या काळात सगळा ताफा एकत्र वाजवत असे. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पुढे कीबोर्ड आणि संगणक आले आणि व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा घरी बसल्या. यंत्राचा मला राग नाही. माणसांना निरोपही न देता घरी बसवल्याचा आहे.

२०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले आणि सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर त्यांनी तिथल्या वादकांकडून सिंफनी वाजवून घेतली. करमाळ्याच्या मातीतल्या कोवळ्या, खोडकर प्रेमावर पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या लाटा आल्या, आणि हे परकं आहे असं गावातल्या कुणालाही वाटलं नाही. जत्रेत ऐकलेल्या सनईइतकंच ते आपलं झालं. आणि त्याच सिनेमाच्या शेवटाला शांतता आहे. आधी कान सुरांनी भरून टाकले होते, म्हणून ती शांतता अंगावर येते. अजय-अतुल यांचा मला अभिमान वाटतो. पण खऱ्या वाद्यवृंदाचा मान मराठी प्रेमकथेला इतक्या क्वचित मिळतो, याची बाकीच्यांना खंत वाटली पाहिजे.

माझ्या मागण्या फार नाहीत. पटकथा वाचताना संगीतकाराला खोलीत बसवा. पार्श्वसंगीताला किती आठवडे देणार ते करारात लिहा. साठ वादक परवडत नसतील तर सहा बोलवा: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, एक बासरी, एक क्लॅरोनेट. संगणकातल्या सुरांवर ही सहा माणसं वाजली की आवाजात श्वास येतो. गज तारेवर टेकताना होणारी बारीक खरखर आणि बासरीवाल्याने सुराआधी घेतलेला दम यांतूनच प्रेक्षकाला समोर कुणीतरी जिवंत आहे असं वाटतं. प्रेमाच्या गोष्टीत तेवढं तरी खरं असावं. आणि सहाही जणांची नावं वाचता येतील एवढ्या अक्षरात लिहा.

परवा आमच्याकडे एक वरात निघाली होती. बँडमधला क्लॅरोनेटवाला पुढे चालत होता, पण त्याचं लक्ष मागे. घोडं अडलं की तो सूर धरून ठेवायचा. नवऱ्याची आजी दोन पावलं नाचायला आली तेव्हा त्याने लय उतरवली, ताशेवाल्याला डोळ्यांनी थोपवलं आणि आजीच्या गुडघ्यांना झेपेल एवढ्याच चालीत वाजवत राहिला. पोरं हसली तेव्हा तो थांबला. हसून झालं तसा पुन्हा सुरू झाला. मघापासून मी जे सांगतोय ते सगळं त्या दहा मिनिटांत होतं.

वरात मांडवापाशी आली. मुलीकडच्यांनी नवरदेवाला ओवाळण्याआधी घामाने भिजलेल्या त्या माणसाला पाण्याचा तांब्या दिला आणि त्याला नाव विचारलं. मराठी सिनेमाने निदान तेवढं तरी शिकावं.