मे महिन्यातली हिमनदी

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला वन्यप्राण्यांच्या फोटोंचं वेड लागलं, की पहिला ताप वन्यप्राण्यांना होतो. आमच्या सेनगावच्या फोटोवाल्याची सगळी कारकीर्द "वहिनी, पदर सारखा करा. दादा, हनुवटी खाली. आता जरा हसा" एवढ्या भांडवलावर चाललेली. बोहल्यावर उभी केलेली माणसं पळून जात नाहीत, हा त्याचा अनुभव. तेवढ्या अनुभवावर तो एका हिवाळ्यात येलदरीच्या जलाशयावर गेला आणि सोबत आम्हालाही घेऊन गेला. आम्ही म्हणजे मी आणि भूगोलाचे निवृत्त गुरुजी. मी सामान धरायला, गुरुजी माहिती द्यायला.

पाण्याच्या कडेला चक्रवाकांच्या जोड्या बसल्या होत्या. नारिंगी अंग, फिकट डोकं, आणि चेहऱ्यावर मानपान चुकल्यासारखा भाव. "जोडीनं बसलेत म्हणल्यावर आपलंच गिऱ्हाईक," असं म्हणून फोटोवाल्यानं पांढरी छत्री उघडली. लग्नात त्या छत्रीनं नवरीचा चेहरा उजळतो. इथं अख्खा थवा एकदम उठला आणि पाण्यावरून सरळ परभणी जिल्ह्याच्या काठाला जाऊन बसला.

"हे पाहुणे लडाख-तिबेटाकडचे," गुरुजी म्हणाले. "तिकडच्या उंचावरच्या तळ्यांपाशी यांची घरटी. हिमनद्यांच्या शेजारचे लोक आहेत हे."

झालं. फोटोवाल्यानं त्याच रात्री दुकानाच्या पावतीपुस्तकाच्या पाठीमागं लेहचं अंदाजपत्रक मांडलं. विमान, लेन्सचं भाडं, गरम कपडे, पुन्हा विमान. खाली बेरीज मारली आणि पावतीपुस्तक उलटं घालून ठेवलं. या लग्नसराईत कमावलेलं सगळं घातलं तरी आम्ही दिल्लीच्या पुढं सरकत नव्हतो.

तेव्हा गुरुजींनी चष्मा पुसला. गुरुजी चष्मा पुसायला लागले की आमच्या पिढीच्या पोटात अजून गोळा येतो. "हिमनदीच बघायची ना?" ते म्हणाले. "मग लेहला कशाला? पैनगंगेच्या काठी आहे."

"कोणत्या पैनगंगेच्या?"

"आपल्याच."

ही बातमी घरी सांगितली तेव्हा मंडळींनी मान डोलावली. "तरीच कयाधूला पाणी नाही," ती म्हणाली. "वर सगळं गोठून बसलं असंल."

गुरुजींचं म्हणणं खोटं नव्हतं, फक्त थोडं शिळं होतं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपला हा भूभाग अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया यांना चिकटून पार दक्षिणेकडं पडला होता आणि त्यावर बर्फाचे थर चढले होते. बर्फ जागेवर गप्प बसत नाही, स्वतःच्या वजनानं सरकत राहतो. सरकताना पोटात धोंडे, गोटे, वाळू घेऊन खालच्या खडकाला घासत जातो. चंद्रपूरच्या पश्चिमेला, वर्धा आणि पैनगंगा यांच्या संगमाच्या अलीकडं, इरई गावापाशी नदीकाठचा जुना चुनखडक असा घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर ओरखडे उठलेले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडन नावाच्या साहेबानं १८७५ साली हे लिहून ठेवलं. उष्ण कटिबंधात बर्फाचा पुरावा, म्हणजे तेव्हाच्या विद्वानांची झोप उडवणारी गोष्ट. आमच्या तालुक्यातून जाणारी कयाधू पुढं पैनगंगेलाच मिळते. म्हणजे धारेला लागून नुसतं खाली खाली जायचं, की हिमनदी.

"पण आता तिथं बर्फ आहे का?" फोटोवाल्यानं मुद्द्याचं विचारलं.

"बर्फ गेला. ओरखडे आहेत."

फोटोवाला थोडा हिरमुसला. मला मात्र यात नवल वाटलं नाही. आमच्या जिल्ह्याला न दिसणाऱ्या गोष्टींची हौसच आहे. औंढा नागनाथाजवळ लायगोची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा टाकून दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीची थरथर तिथं पकडणार आहेत. त्या मानानं दगडावरचा ओरखडा म्हणजे ढळढळीत पुरावा.

नदी आटल्याशिवाय काठचा खडक उघडा पडत नाही, म्हणून जायचं ते मे महिन्यातच, असं गुरुजींनी ठरवलं. मे महिन्यात चंद्रपूर. तिथं पारा ४६-४७ वर जातो आणि तिथले लोक ते अभिमानानं सांगतात. घरून धपाटे, ठेचा, दह्याचा डबा आणि दोन कॅन पाणी निघालं. वर म्हातारीनं कानटोपी दिली. "बर्फाकडं चाललाव म्हणं," ती म्हणाली. मी घेतली. आईशी भूगोलावर वाद घालून कोणाचं भलं झालंय?

गाडी एरवी बियाण्याची पोती वाहणारी होती. तिला सोयाबीनचा वास होता आणि मागच्या बाकाला स्वतःचं मत होतं. हिंगोली सोडून कळमनुरीकडं निघालो तोच डाव्या हाताला रोही दिसला. चांगला दांडगा, निळसर करडा नर, बांधावर आडवा उभा. मान आमच्याकडं, ऊन बाजूनं, मागं रिकामं शिवार. असा देखणा नवरदेव फोटोवाल्याला जन्मात मिळाला नव्हता. तो खाली उतरला, लेन्स लावली, एक गुडघा टेकला आणि सवयीनं म्हणाला, "दादा, हनुवटी खाली."

रोही गेला. त्याच्या जागी बांधावर शेतकरी आला.

"पंचनाम्याला आलाव का?" त्यानं विचारलं. मोठा कॅमेरा गळ्यात घालून कोणी बांधावर गुडघा टेकला तर तो सरकारी माणूसच असणार, हा त्याचा हिशोब बरोबर होता. आम्ही नाही-नाही म्हणेपर्यंत त्यानं आम्हाला उन्हाळी भुईमुगात नेलं. रानडुकरांनी रात्रीतून नांगर फिरवल्यासारखा तुकडा उकरला होता. ओल्या मातीत खुरांचे ठसे, सोललेल्या शेंगांची टरफलं, मधोमध कोणीतरी ऐसपैस लोळल्याचा खड्डा. "ह्याचा घ्या. आता ह्याचा घ्या. ह्या कोपऱ्यातून घ्या, म्हणजे सगळं मावंल." फोटोवाल्याला पहिल्यांदाच कोणीतरी उभं राहायची जागा सांगत होतं. निघताना शेतकऱ्यानं त्याच्या मोबाईलवर सगळे फोटो मागवून घेतले, आणि अर्ज ऑनलाइन भरताना फोटो किती के.बी.चा लागतो तेही विचारलं. ते त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तो आमची परीक्षा घेत होता.

उमरखेडच्या पुढं चहाला थांबलो. पैनगंगा अभयारण्य याच तालुक्याच्या अंगाला, त्यामुळं चहावाल्याकडं वाघ असणार हे गृहीतच.

"वाघ? परवाच आल्ता ना. इथंच. ह्या बाभळीखाली."

"फोटो?"

"मोबाईल चार्जिंगला होता."

बाकावरच्या दुसऱ्यानं लगेच सांगितलं की त्याच्या मेव्हण्यानंही पाहिला, पण त्याच्या मोबाईलची मेमरी फुल होती. तिसऱ्याच्या हातात मोबाईल होता, चार्जिंग होतं, मेमरी होती, पण हात कापत होते. त्यानं तो फोटो दाखवला. बाभूळ आली होती.

एका वाघाचा हिशोब मात्र पक्का आहे, आणि त्याला फोटोची गरज पडली नाही. टिपेश्वरच्या अभयारण्यात २०१९ च्या फेब्रुवारीत एका तरुण वाघाच्या गळ्यात पट्टा घातला गेला. जूनमध्ये तो जो निघाला, तो तेलंगणातून, नांदेडातून, आमच्या हिंगोली जिल्ह्यातून, पुढं बुलडाण्यातल्या ज्ञानगंगेच्या जंगलात डिसेंबरात पोचला. साधारण १,३०० किलोमीटर. पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत त्याची चाल ३,००० किलोमीटरच्या वर गेली आणि लोकांनी त्याला 'वॉकर' नाव ठेवलं. पट्टा दर तासाला त्याचा ठावठिकाणा उपग्रहाकडं कळवत होता. एवढ्या वाटेत शेतं, हमरस्ते, गावं लागली, पण माणूस जखमी झाल्याची घटना एकच. वाघ झुडपात पडला होता, त्याला बघायला एक घोळका झुडपात शिरला, त्यातल्या एकाला मार लागला. वाघ आडरानानं एकटा चालला तोवर कोणाला पत्ता नव्हता. माणसं बघायला गेली तिथं भानगड झाली.

"तो आपल्याकडून गेला तेव्हा मी कुठं होतो?" फोटोवाल्यानं हळहळत विचारलं.

"कुठं असणार? कोणाच्या तरी हळदीला," गुरुजी म्हणाले.

वणी सोडली आणि कोळशाचे ट्रक सुरू झाले. घुग्घुसपर्यंत रस्ता काळा, झाडं काळी, आमची नाकं काळी. गुरुजी इथं रंगात आले. बर्फ वितळला, त्याच्या गाळावर दलदली झाल्या, दलदलीत ग्लोसोप्टेरिस नावाची झाडं माजली, ती गाडली गेली आणि त्यांचाच हा कोळसा झाला, असं त्यांनी ट्रकच्या भोंग्यावर आवाज चढवून सांगितलं. "बर्फ नसता तर हा कोळसाही असा नसता!" समोरच्या ट्रकच्या मागं 'पुन्हा भेटू' लिहिलेलं होतं. त्यानं आम्हाला बराच वेळ पुढं जाऊ दिलं नाही.

इरई विचारावं तर घोटाळा. चंद्रपूर भागात इरई नावाची नदी आहे, इरई नावाचं धरणही आहे, आणि ती दोन्ही आमच्या गावापेक्षा प्रसिद्ध. जो तो आम्हाला धरणाकडं पाठवायचा. "मस्त हाय धरण, मगरी हायेत," एकानं लालूच दाखवली. फोटोवाल्याची नजर मगरींकडं वळली. गुरुजींनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली नजर ती. गाडी पैनगंगेकडं लागली.

नदीत पाणी गुडघ्याएवढं. उन्हानं डोळ्यांपुढं काजवे. काठावर बारीक हिरवट मातीत लहानमोठे गोटे असे खच्चून भरलेले, जणू कोणी न निवडता ओतून दिले. वाहतं पाणी गोटे निवडून मांडतं, जड आधी, हलके नंतर. बर्फाला ती शिस्त नाही. डोंगराएवढं आणि सुपारीएवढं एकाच गाठोड्यात आणायचं आणि वितळलं की जागेवर सोडून द्यायचं. गुरुजींनी एक गोटा उचलला. त्याची एक बाजू कानशीनं घासल्यासारखी सपाट होती. ते बराच वेळ तो नुसता हातात फिरवत राहिले आणि कधी नव्हे ते काही बोलले नाहीत.

आणि त्या गोट्यांच्या खाली, पाण्याच्या कडेला, तो खडक. राखी, तुळतुळीत, उताराचा. त्यावर एक बाई धुणं धूत होती.

"बाई," गुरुजी हात जोडून म्हणाले, "हा दगड हिमनदीनं घासलाय. तीस कोटी वर्षांपूर्वी."

"असंल," बाई म्हणाली आणि चादर आपटली. "आमची सासूबी इथंच धुवे. लय चांगला दगड हाय. कपडा फाटत नाही."

इतका उपयुक्त अभिप्राय फेडन साहेबालाही मिळाला नसेल.

फोटोवाल्यानं कॅमेरा लावला आणि वाकून पाहिलं. काहीच दिसेना. भर दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात खडक नुसता चकाकत होता. बारीक ओरखडे बघायचे तर उजेड तिरपा लागतो. एक तर सकाळ-संध्याकाळ गाठायची, नाहीतर बाजूनं दिवा मारायचा. इथं मात्र लग्नाचा फोटोवाला कामाला आला. नवरीच्या शालूवरची जर उठून दिसावी म्हणून उजेड कसा आडवा मारायचा, हे त्याला झोपेत येतं. त्यानं फ्लॅश काढून माझ्या हातात दिला, मला खडकावर पालथं पाडलं, पांढरी छत्री उन्हाला आडवी धरायला गुरुजींना लावलं. खडकाचा चटका पोटातून पाठीला पोचत होता. शेवटी मी खिशातली कानटोपी काढून कोपराखाली घातली. आईचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही.

चमक झाली आणि त्या क्षणात ओरखडे उठले. एकाच दिशेनं गेलेल्या सरळ, समांतर रेघा. मध्येच एखादी खोल खाच. पोटात धोंडा धरून काहीतरी अवजड, घाई नसलेलं, इथून गेलं होतं.

"मापाला काहीतरी ठेवा," गुरुजी ओरडले. "भूवैज्ञानिक हातोडा ठेवतात, नाहीतर नाणं. मोठं की लहान, कळायला पाहिजे!"

नाणं कोणाकडंच नव्हतं. सगळे फोनवरून पैसे देणारे. बाईनं हातातली साबणाची निळी वडी रेघांच्या शेजारी ठेवली. "हे घ्या. नवीच हाय." फोटो निघाला. मग तिनं पदर सारखा केला, हनुवटी खाली घेतली आणि न सांगता हसली. फोटोवाल्यानं तोही काढला. सबंध प्रवासातला तेवढाच चेहऱ्याचा फोटो.

घरच्या ग्रुपवर वडीचा फोटो टाकला. मामा म्हणाले, साबण कोणता? मावशीनं हात जोडले. धाकट्या भाच्यानं कानटोपी ओळखली. गुरुजींनी चार भागांत ३० कोटी वर्षं समजावून सांगितली. त्यांच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मध्ये कोणीतरी शुभ रात्री टाकून गेलं.

फोटोवाल्यानं मात्र तो मोठा करून, चौकट घालून, दुकानात नवरानवरींच्या रांगेत लावला. खाली पाटी: 'हिमनदी, पैनगंगा'. परवा मी तिथं बसलो असताना एक होतकरू नवरदेव आला. त्यानं पाटी वाचली आणि एकदम विचारलं, "प्री-वेडिंग तिथं होईल का?"

"होईल की. पण मे महिन्यातच. नंतर दगड पाण्याखाली जातो."

"आणि बर्फ?"

फोटोवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पावतीपुस्तक पुढं ओढलं.

"बर्फ अल्बममध्ये टाकून देऊ," तो म्हणाला. "त्याचे वेगळे पडतील."