दरियाकाकांची पातळी

बडोद्यातल्या अलकापुरीत समुद्र आहे. आमच्याच सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, सोफा आणि शोकेस यांच्या मधे. लांबी साडेतीन फूट, पाणी दोनशे लिटर, लोकसंख्या सहा: दोन क्लाउनफिश, एक पिवळा मासा आणि तीन गोगलगायी. मालक दरियाकाका. जन्म दांडिया बाजारातल्या वाड्यातला, आडनाव अस्सल मराठी. 'दरिया' ही शेजारच्या गुजराती मंडळींनी दिलेली पदवी.

काकांनी कोयलीच्या रिफायनरीत बत्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. म्हणजे टाकीची पातळी चढली की व्हॉल्व्ह बंद, उतरली की चालू, आणि मधल्या वेळात चहा. असा माणूस निवृत्त झाला की घरात पातळ्या शोधत हिंडतो. पहिले सहा महिने गच्चीवरच्या टाकीत गेले. मग त्यांची नजर दुधाच्या पातेल्याकडे वळली, तेव्हा काकूंनी त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं. बाहेर आले आणि समुद्र घेऊन आले. लहानपणी मुंबईच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, तेव्हापासूनची इच्छा म्हणे.

पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "यात पोवळी नाहीत का?" काका ताठ बसतात. "शेड्यूल वन! 2001 पासून वाघ आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या एकाच यादीत आहेत. दिवाणखान्यात वाघ पाळाल?" पाहुणा चहा पितो.

दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, पण काका त्याचं उत्तर देतातच. टाकीतलं पाणी आटतं. रोज तीन लिटर, आणि मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीसवर गेला की पाच. कारण पाणी गार राखायला काकांनी वर दोन पंखे लावलेत, आणि पंखा गारवा देतो तो पाणी उडवूनच. उडतं ते निव्वळ पाणी, मीठ जागच्या जागी. म्हणजे रोज थोडा थोडा समुद्र खारट होत जातो. लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या हिशेबानं टाकीत सात किलो मीठ आहे. वीस लिटर पाणी उडालं की तेच मीठ एकशेऐंशी लिटरात येतं, आणि पस्तीसाचे एकोणचाळीस होतात.

"मग मिठाचं पाणी घालायचं ना," मी एकदा म्हणून गेलो.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मी शेड्यूल वनमधलं काहीतरी खाल्लं. "अरे, आमटी आटून खारट झाली, तर तू तिच्यात मीठ घालतोस?"

तर गोडं पाणी घालायचं, तेही आरओचं, आणि एकदम नाही, थोडं थोडं. पहिली दोन वर्षं हे काम एक स्टीलचा तांब्या करत होता. काचेवर स्केचपेननं रेघ मारलेली. रेघेखाली पाणी गेलं की तांब्या. वेळ लागे दोन मिनिटं. ही दोन मिनिटं वाचवायची असं काकांनी ठरवलं आणि तेव्हापासून त्यांना जेवायला वेळ मिळेनासा झाला.

यंत्रणा साधी आहे असं ते सांगतात. बाजूला उंच स्टँडवर पन्नास लिटरचा ड्रम. टाकीत सेन्सर. पाणी सेन्सरखाली गेलं की ड्रममधला पंप सुरू, सेन्सरला लागलं की बंद. पहिल्यांदा तरंगता फ्लोट बसवला. नळाच्या कामाला आलेल्या प्लंबरनं तो वाकून पाहिला आणि निरागसपणे म्हणाला, "साहेब, आ तो संडासनी टांकीनो बॉल-वाल छे." दुसऱ्या दिवशी फ्लोट गेला. उजेडावर चालणारा ऑप्टिकल सेन्सर आला.

ऑप्टिकल सेन्सरला पाणी कळतं आणि, असं दिसलं, गोगलगायही पाणीच वाटते. तीन गोगलगायींपैकी एक बाई त्याच्यावर जाऊन बसल्या. सेन्सर म्हणाला, पाणी आहे. पंप म्हणाला, मग मी झोपतो. दोन दिवसांत पातळी बोटभर उतरली आणि काका टाकीसमोर खुर्ची टाकून सर्किटवर संशय घेत बसले. वायरी बदलल्या, अडॅप्टर बदलला. काकू धूळ पुसताना म्हणाल्या, "अहो, ती गोगलगाय उचला की." मग सेन्सरला प्लॅस्टिकच्या जाळीचा पिंजरा झाला, आणि पिंजरा शेवाळला की तो घासायला दर रविवारची अर्धी सकाळ.

काकूंचं या सगळ्यावर एकच मत आहे. त्यांच्या देव्हाऱ्यात पिंडीवर तांब्याची गळती टांगलेली आहे. बुडाला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब अभिषेक. ना सेन्सर, ना वायर, सासूबाईंच्या आधीपासून चालू. आणि वर त्या काकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "सयाजीराव महाराजांनी आजव्याचं पाणी इतक्या लांबून बडोद्यात आणलं ते पंपाशिवाय, नुसत्या उतारानं. आणि यांना ड्रममधून काचेत आणायला आत्तापर्यंत तीन पंप लागले."

फेब्रुवारीत एका रात्री यंत्रणेनं महाराजांची पद्धत स्वीकारली. पंप सुरू झाला, सेन्सरला पाणी लागलं, पंप नियमाप्रमाणे बंद पडला. पण नळीचं टोक टाकीच्या पाण्यात बुडालेलं होतं आणि ड्रम वर होता. एकदा नळी भरून वाहू लागल्यावर पंपाची गरज कुणाला? शाळेत शिकलेली वक्रनलिका. पहाटेपर्यंत ड्रम रिकामा झाला, टाकी काठावरून वाहिली, सोफ्याचे पाय समुद्रात गेले, आणि खालच्या मजल्यावरच्या बेनच्या छतातून ठिबकू लागलं. अलकापुरीत पाणी म्हटलं की माणसाला आधी पावसात तुंबणारं रेल्वेखालचं गरनाळं आठवतं. बेननं खिडकीतून बाहेर पाहिलं, रस्ता कोरडा. मग वर पाहिलं.

मी गेलो तेव्हा काका पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून फरशी पुसत होते. टाकीचा खारटपणा पस्तिसावरून एकोणतिसावर आला होता. माशांनी काही मनावर घेतलेलं दिसलं नाही. काकू दारात उभ्या होत्या.

"आलं की नाही पंपाशिवाय?" एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर नळीचं टोक पाण्याच्या चार बोटं वर आलं, ड्रम खाली जमिनीवर आला आणि पन्नासचा दहा लिटरचा झाला. म्हणजे सगळा ओतला गेला तरी दहाच. शिवाय दुसरा सेन्सर, आणि पहिला व दुसरा दोन्ही फसले तर वाजणारा भोंगा. तो भोंगा आत्तापर्यंत चारदा वाजला, चारही वेळा ड्रम रिकामा होता म्हणून. दहा लिटरचा ड्रम उन्हाळ्यात दोन दिवसांत संपतो. तो भरायला काका तांब्या वापरतात. तोच, स्टीलचा.

आता मेमध्ये दोघं आठ दिवस मुलीकडे पुण्याला जायचे आहेत. माझ्या हातात दोन पानी सूचना आल्यात. पहिली सूचना, 'सर्व आपोआप चालते, कशालाही हात लावू नये.' त्यापुढे हात लावायच्या सतरा गोष्टी. भोंगा वाजला तर काय, न वाजला तर काय, गोगलगायी मोजून तीन भरल्या नाहीत तर कुठे पाहायचं. किल्ली माझ्याकडेच आहे. अलकापुरीत राहणाऱ्या कुणा वाचकाला ती हवी असेल तर जरूर कळवावं. पाणी आपोआप पडतं. फक्त रात्री दोनदा उठून बघावं लागतं.