टाकी भरा, फुटपाथ मिळवा

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनमागे १२ सेंटांनी वाढवला. त्यातला मोठा वाटा स्थानिक रस्तेदुरुस्तीला. पदपथही त्यात बसतात. २०१८ मध्ये हा कर रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला. आता हेच राज्य पेट्रोल सोडा, विजेची गाडी घ्या, असं विनवतंय. सगळ्यांनी ऐकलं तर हवा स्वच्छ आणि तिजोरीही! म्हणून २०२० पासून विजेच्या नव्या गाड्यांवर वर्षाला १०० डॉलरांचं शुल्क बसवलं. राहिला पायी चालणारा. तो ना धूर सोडतो, ना रस्ता उखडतो. पण त्याच्या पायाखालची फरशी बसणार ती शेजाऱ्याच्या टाकीतून. तेव्हा पादचाऱ्यांनो, नीट चालायचं असेल तर आधी गाडी काढा!