शून्याचा पाढा

सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये सकाळी फिरायला जी मंडळी येतात, त्यांतले ‘मुलाकडे आलेले बाबा’ लांबूनच ओळखू येतात. पायांत कोरे पांढरे बूट असतात. ते निघायच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर घासाघीस करून घेतलेले असतात. विषुववृत्त दीडशे किलोमीटरच्या आत आहे, तरी अंगात हाफ स्वेटर असतो, कारण येताना मेट्रोत एसी असतो. एका खांद्याला घडीची छत्री, दुसऱ्या खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीवर मिरजेकडच्या एखाद्या सराफी पेढीचं नाव. दोन्ही हात मागे बांधलेले. बाबा फिरायला आलेले नसतात, तपासणीला आलेले असतात. एकतीस-बत्तीस वर्षं कुठल्या तरी सरकारी खात्याच्या लेखा विभागात काढलेली असतात आणि निवृत्तीनंतर तपासायला दुसरं खातं मिळालेलं नसतं, म्हणून सिंगापूर.

या बाबांना एकच व्याधी असते. साखर, रक्तदाब वगैरे असतातच. पण ते आईंच्या पर्समध्ये असतात. खरी व्याधी गुणाकाराची. डॉलरचा भाव रोज वरखाली होतो. पण बाबांनी सोयीसाठी पासष्ट धरलेला असतो आणि त्या पासष्टने ते समोर येईल त्या वस्तूला गुणतात. कॉफी गुणतात, कोथिंबीर गुणतात, शहाळं गुणतात आणि गुणून झालं की परत ठेवून देतात. केस मानेवर आलेले असतात, पण इथल्या न्हाव्याचा दरही त्यांनी एकदा गुणलेला असतो, त्यामुळे केस आता पुण्यातच कापले जाणार. “बाबा, इथे असं गुणत बसायचं नाही हो,” असं मुलगा काकुळतीला येऊन सांगतो. त्यावर बाबा म्हणतात, “मी गुणत नाही रे. ते आपोआप होतं.”

अशा माणसाला मुलगा एका रविवारी बोटॅनिक गार्डनला घेऊन येतो. मेट्रो स्टेशनचं नावच बोटॅनिक गार्डन्स. जिना चढून वर आलं की समोर बागेचं फाटक. बाबा सवयीने तिकिटाची खिडकी शोधू लागतात. ती नसते. फाटकावरच्या रखवालदाराला ते विचारतात, “टिकट व्हेअर?” तो हसून म्हणतो, “नो टिकट, अंकल. फ्री.”

इथे म्हाताऱ्या माणसाला सगळेच अंकल म्हणतात. बाबांना ते आवडतं. पण ‘फ्री’ त्यांना आवडत नाही. पासष्ट गुणिले शून्य म्हणजे शून्य, हे त्यांना कळतं. पण आयुष्यभर ऑडिट केलेल्या माणसाचा शून्यावर विश्वास नसतो. शून्य म्हणजे कुठेतरी नोंद राहिलेली आहे. “आत गेल्यावर मागत असतील,” ते मुलाच्या कानात सांगतात. आत कुणी मागत नाही. “मग गाडी लावायला घेत असतील.” गाडीचे घेतात, पण आपण मेट्रोने आलो आहोत. “मग बंद लवकर करत असतील.” पहाटे पाचला उघडते आणि रात्री बाराला बंद होते. बाबा अधिकच अस्वस्थ होतात. एकूण जागा किती, असं विचारतात. मुलगा मोबाइलवर बघून सांगतो, “ब्याऐंशी हेक्टर.” बाबा हेक्टरचे मनातल्या मनात एकर करतात आणि जागीच थांबतात. दोनशे एकर! गावाच्या मधोमध! सन १८५९पासून! आणि अजून कुणी प्लॉट पाडले नाहीत!

या धक्क्यातून त्यांना ऑर्किड गार्डन बाहेर काढतं. बागेच्या पोटातल्या या बागेला तिकीट आहे. खिडकीवरचा दर वाचून बाबांचा चेहरा उजळतो. “हं! इथे घेतात!” चूक सापडल्यावर ऑडिटरला होतो तो आनंद. देशोदेशीच्या बड्या पाहुण्यांची नावं इथल्या ऑर्किडना देतात; आपल्या पंतप्रधानांच्या नावाचंही एक आहे, असं मुलगा सांगतो. बाबा विचार करतात आणि निकाल देतात, “म्हणजे नाव द्यायला फुकट आणि बघायला तिकीट.” मग ते फाटकातूनच जमेल तेवढं बघतात. पण आता बागेचा हिशोब त्यांच्या दृष्टीने जुळलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशीपासून ते रोज यायला मोकळे होतात.

या रोजच्या येण्यातून बाबांची दुसरी अवस्था सुरू होते. ती ओळख काढण्याची. परगावी लग्नाला गेलेला मराठी माणूस ताटावर बसल्या बसल्या शेजाऱ्याला “तुम्ही मूळचे कुठले?” विचारतो आणि भातावर वरण पडेपर्यंत नातं शोधून काढतो. बाबा ते झाडांच्या बाबतीत करतात. ताम्हण दिसला की ते वाटेतल्या कुणालाही अडवून सांगतात, “धिस इज महाराष्ट्राज स्टेट फ्लॉवर.” बकुळीखाली ते वाकून फुलं शोधतात. उंडीसमोर त्यांना रत्नागिरीचे मामा आठवतात. कैलासपतीपाशी तर ते बूट काढायचेच बाकी असतात. खोडातूनच फुटलेली ती गुलाबी फुलं, आत पिंडी, वर नागाची फडी. झाडाला तोफेच्या गोळ्यांसारखी फळं लटकत असतात, ती डोक्यात पडू नयेत म्हणून मुलगा त्यांना मागे ओढतो. एक फूल खाली पडलेलं दिसतं. देवाला न्यावं म्हणून हात पुढे जातो. “बाबा, उचलायचं नाही!” हात तिथल्या तिथे जोडले जातात.

झाडाच्या पाटीवर लिहिलेलं असतं की हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. बाबा चष्मा वर करून पाटी वाचतात, खाली करून पुन्हा वाचतात आणि म्हणतात, “पाटी लिहिणाऱ्याला काय माहीत!” पुढे पर्जन्यवृक्ष भेटतो, तोही अमेरिकेकडचा. देवळाच्या आवारातला म्हणून ज्याच्यावर जीव टाकला तो चाफा, तोही तिकडचाच. बकुळ, ताम्हण, उंडी आपली खरी. पण ती इथलीही आहेत, मलायाच्या रानात आधीपासून उभी. थोडक्यात, जी झाडं खरंच आपली ती यांचीही, आणि जी फक्त आपलीच वाटत होती ती दोघांचीही नाहीत. हा निष्कर्ष बाबांना मान्य नसतो. पण झाडांशी भांडण करून उपयोग नसतो, म्हणून ते मुलाशी करतात.

आईंची पाहण्याची रीत वेगळी. जिंजर गार्डनमध्ये जगभरचं आलं, हळद, वेलदोडे यांचं सगळं गोत एकत्र नांदतं. लाल-केशरी कणसांसारखी फुलं वर आलेली असतात, लोक त्यांचे फोटो काढत असतात. आई तिथे पोचल्या की म्हणतात, “अगो बाई, घरातलं आलं संपलंय.” सुपाएवढी अळवाची पानं दिसली की मनातल्या मनात त्यांच्या वड्यांचे रोल बांधून होतात. सहा हेक्टरचं मूळचं जंगल बागेत तसंच राखून ठेवलं आहे, बागेच्याही आधीचं. त्या अंधाऱ्या पायवाटेवर बाबा मान वर करून उंची मोजत असतात आणि आई मागून विचारतात, “अहो, इतका पाचोळा रोज कोण झाडतं?” हा प्रश्न बाबांना सुचला नाही, याचं त्यांना दिवसभर वाईट वाटतं.

नातवावर संस्कार करायचं कामही बागेतच उरकलं जातं. तळ्याकाठच्या गवतातून पुरुषभर लांबीची घोरपड जीभ लपलपवत निघते. परदेशी पर्यटक किंचाळतात. बाबांना भरून येतं. ते नातवाला खाली बसवतात आणि तानाजी, कोंढाणा, घोरपडीच्या कमरेला बांधलेला दोर अशी सगळी दंतकथा हातवारे करून सांगतात. नातू इथल्या शाळेतला. तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “आजोबा, पण प्राण्याला हात लावला तर फाइन असतो ना?” तानाजीला दंड झाला असता, हा विचार बाबांच्या मनात इतिहासात प्रथमच येतो.

झाडांतली व्यक्तिमत्त्वं बाबा आपल्या मापाने मोजतात. टॅलिपॉट पाम नावाचा एक प्रचंड माड आहे. तो कित्येक दशकं नुसता वाढतो, शेवटी एकदाच डोक्यावर लाखो फुलांचा तुरा काढतो, फळं धरतो आणि मरतो. मुलगा हे मोठ्या कौतुकाने सांगतो. बाबा गंभीर होऊन म्हणतात, “प्रॉव्हिडंट फंड.” हिरवळीवरचा टेंबुसू मात्र त्यांना मनापासून आवडतो. दीडशे वर्षांहून जुना, जमिनीलगत आडवी फांदी सोडून बसलेला. कुंपण घालून, टेकू देऊन जपलेला. सरकारने तो पाच डॉलरच्या नोटेवर छापला आहे. बाबा मुलाकडून नोट मागून घेतात, झाडासमोर धरतात, फांदी न् फांदी ताडून बघतात. एका झाडाला सरकारने इतका मान द्यावा! बराच वेळ ते काही बोलत नाहीत. मग म्हणतात, “म्हणजे हे सव्वातीनशे रुपयांचं झाड.”

दुपारी पाऊस येतो. इथला पाऊस नळ सोडल्यासारखा येतो आणि नळ बंद केल्यासारखा जातो. तेवढ्या वेळात बाबा बागेच्या संग्रहालयात शिरतात, कारण तेही फुकट आहे आणि आत एसी आहे. स्वेटर सार्थकी लागतो. इथे, भिंतीवरचे तक्ते बोट लावून वाचता वाचता, त्यांची गाठ रिडले नावाच्या साहेबाशी पडते आणि मला वाटतं, त्यांच्या गुणाकाराला पहिला तडा तिथे जातो.

गोष्ट अशी. ब्राझीलच्या रबराचं बी लंडनच्या क्यू गार्डनमध्ये रुजवलं आणि त्यातली २२ रोपं १८७७ साली सिंगापूरला धाडली. हेन्री रिडले १८८८मध्ये बागेचा संचालक म्हणून आला, तेव्हा झाडं वाढली होती. पण विचारत कुणी नव्हतं. मळेवाले कॉफीत मग्न. रिडलेने झाड न मारता, साल माशाच्या काट्यासारखी तिरकी कापून चीक काढायची रीत बसवली आणि भेटेल त्या मळेवाल्याच्या खिशात बिया कोंबायला सुरुवात केली. लोक त्याला वेडा रिडले म्हणू लागले. मग कॉफी बसली, मोटारी आल्या, मोटारींना टायर लागले, आणि १९२०च्या सुमारास जगातलं निम्मं रबर मलायातून येऊ लागलं. वेडा रिडले हे सगळं बघायला शंभरी ओलांडेपर्यंत जगला.

बाबा हा मजकूर दोनदा वाचतात. मग बोटांवर काहीतरी मोजू लागतात. बावीस रोपं एका बाजूला, जगातलं निम्मं रबर दुसऱ्या बाजूला. पासष्टचा पाढा इथे लागू पडत नाही. बिया वाटल्या, त्या खर्चाच्या रकान्यात टाकायच्या की गुंतवणुकीच्या? वसुली कुणाकडून दाखवायची? आणि सरकारी नोकर असून साहेबाने हे केलं, तर कुणी त्याला ताशेरे मारले नाहीत? बाहेर पाऊस थांबलेला असतो तरी बाबा आतच असतात. शेवटी ते मुलाला सांगतात, “माणूस हुशार होता. पण पावत्या ठेवल्या नसणार.”

पण दुसऱ्या दिवसापासून पिशवी जड होते. आईंनी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि पोह्यांचा चिवडा हा आजवर फक्त स्वतःपुरता शिधा असे. आता बाबा वाटत सुटतात. पाम व्हॅलीच्या उतारावर सतरंजी पसरली की शेजारच्या चटईवर पुऱ्या जातात. रखवालदाराला चिवडा जातो. तो तिखट लागून लाल होतो आणि अंगठा वर करतो. ताई-ची संपवून घाम पुसणाऱ्या चिनी आजीबाई पुरी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी निरखतात, खातात आणि दुसऱ्या दिवशी पांढरा, फुगलेला, वाफवलेला पाव घेऊन येतात. बाबा विचारतात, “व्हेज?” आजीबाई काहीतरी म्हणतात. ते बाबांना कळत नाही, म्हणून ते आईंना आधी खायला देतात. महिन्याभरात चेन्नईचे एक अप्पा, लखनौचे एक शुक्लाजी आणि या आजीबाई असा बाकावर कट्टा जमतो. सामाईक भाषा कुठलीच नसल्यामुळे मतभेद होत नाहीत. शनिवारी-रविवारी कधी तळ्यावरच्या रंगमंचावर वाद्यवृंदाचा मोफत कार्यक्रम असतो. बाबा सगळ्यांना पुढची जागा धरून देतात आणि सबंध कार्यक्रमभर, एवढ्या वादकांचं मानधन कोणत्या हेडखाली पडत असेल, याचा अंदाज घेत बसतात.

मुलाच्या मित्रमंडळींत तोवर बाबांची कीर्ती पसरलेली असते. महाराष्ट्र मंडळातलं कुणी सहलीला निघालं की “काकांना विचारा” असा निरोप येतो. सावली कुठे, नळ कुठे, स्वच्छतागृह कुठल्या फाटकाजवळचं बरं, पावसात पळायचं कुठे, सगळं बाबा फोनवर सांगतात. फीही नसते आणि फोन लवकर ठेवतही नाहीत.

परतीचा दिवस येतो. विमानतळावर बाबा पाण्याची बाटली गुणतात आणि परत ठेवतात. म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे. पुण्याला पोचल्यावर पहिलं काम केस कापणं, दुसरं काम तिथल्या एका बागेत फिरायला जाणं. फाटकाशी तिकिटाची खिडकी असते. बाबा हात मागे बांधून दरफलक वाचतात आणि खिडकीतल्या माणसाला ऐकवतात, “अहो, सिंगापूरला याच्या कितीतरी पट मोठी बाग आहे. युनेस्कोच्या यादीतली! तिथे एक पैसा घेत नाहीत. संपूर्ण फुकट!”

खिडकीतला माणूस तिकिटांच्या गठ्ठ्यावरची नजर न काढता विचारतो, “आणि तिथवर जायला किती पडले?”

बाबा क्षणभर गप्प होतात. मग पाकीट काढत म्हणतात, “ते मुलाच्या खात्यात धरलंय.”